न फोडता ओळखलेली संख्या

१७,०१,४१,१८,३४,६०,४६,९२,३१,७३,१६,८७,३०,३७,१५,८८,४१,०५,७२७.

एकोणचाळीस आकडे. एकं, दहं, शतं म्हणत उजवीकडून मोजू लागलं, तर परार्ध अठराव्या घरातच येतो. त्याच्या डावीकडे आणखी एकवीस घरं उरतात आणि त्यांना हाक मारायला आपल्या रोजच्या मोजणीत नावं नाहीत. ही संख्या थोडक्यात लिहायची रीत मात्र सोपी आहे. दोनचा १२७वा घात करायचा आणि त्यातून एक वजा करायचा. १८७६ साली एद्वार लुकास नावाच्या फ्रेंच शिक्षकाने जाहीर केलं की ही संख्या मूळ आहे. एक आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानेही निःशेष भाग जात नाही.

त्यानंतर पंचाहत्तर वर्षं कुणालाही याहून मोठी मूळ संख्या सिद्ध करून दाखवता आली नाही. यंत्राची कसलीही मदत न घेता, निव्वळ हाताने गणित करून शोधलेली सर्वांत मोठी मूळ संख्या हा तिचा मान तर आजही टिकून आहे. पण तिच्या आकारापेक्षा ती सापडली कशी, याचं नवल अधिक आहे. लुकासने तिचा एकही भाजक शोधून पाहिला नव्हता.

शाळेत मूळ संख्या ओळखायला शिकवतात ते भागून बघायला. १२७ मूळ आहे का? २, ३, ५, ७ आणि ११ने भागून पाहायचं. कशानेच भाग गेला नाही की थांबायचं, कारण पुढच्या १३चा वर्ग १६९, म्हणजे १२७च्या पलीकडचा. रीत बिनचूक आहे, फक्त लवकर दमते. इटलीतल्या बोलोन्याचा गणितज्ञ पिएत्रो कातालदी याने १५८८च्या सुमारास याच रीतीने दोनचा १९वा घात उणे एक, म्हणजे ५,२४,२८७ ही संख्या मूळ असल्याचं दाखवलं. त्यासाठी त्याने आधी ७५०पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी तयार केली आणि मग एकेकीने भागत गेला. तेवढी यादी पुरेशी होती, कारण ५,२४,२८७चं वर्गमूळ ७२४च्या आसपास येतं.

दोनच्या घातातून एक वजा केलेल्या संख्यांचा एवढा पाठपुरावा का, याचं कारण युक्लिडपाशी आहे. ६चे लहान भाजक १, २ आणि ३; त्यांची बेरीज पुन्हा ६. २८चे १, २, ४, ७, १४; बेरीज २८. अशा संख्यांना ग्रीकांनी परिपूर्ण म्हटलं. दोनचा एखादा घात उणे एक ही संख्या मूळ निघाली, तर तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या तयार होते, हे युक्लिडने आपल्या ‘मूलतत्त्वे’ ग्रंथाच्या नवव्या भागात सिद्ध केलं. घातांक मूळ नसेल तर ती संख्याही मूळ नसते, म्हणजे घातांक २, ३, ५, ७, ११, १३ असेच तपासायचे. पण घातांक मूळ असला की काम झालं असंही नाही. दोनचा ११वा घात उणे एक म्हणजे २,०४७, आणि २,०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. या अकराने कित्येकांना चकवलं असेल.

या संख्यांना ज्याचं नाव मिळालं तो मॅरँ मर्सेन हा सतराव्या शतकातला, पॅरिसमधल्या मिनिम पंथाचा साधू होता. त्याच्या मठातल्या खोलीत युरोपभरची पत्रं येत. देकार्त, फर्मा, गॅलिलिओ, तोरिचेली, अशा सगळ्यांशी त्याचा पत्रव्यवहार होता. विज्ञानाची नियतकालिकं निघण्याआधीच्या त्या काळात एकाचा शोध दुसऱ्यापर्यंत पोचवायचं काम तो मनापासून करी. १६४४ साली छापलेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने लिहिलं, की २५७पर्यंतच्या घातांकांपैकी फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ यांच्याच बाबतीत दोनचा घात उणे एक ही संख्या मूळ असते.

हे त्याला कसं कळलं, याचा उलगडा त्याने केला नाही. पंधरा-वीस आकडी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सारा काळही अपुरा पडेल, असं तो स्वतःच म्हणतो. आणि त्याच्या यादीतली शेवटची संख्या तर अठ्ठ्याहत्तर आकडी आहे. त्याच्या बरोबरीच्या लोकांना ती यादी तपासता येत नव्हती. तिच्यात पाच चुका निघाल्या, पण त्या सगळ्या निघेपर्यंत ३०३ वर्षं गेली. मर्सेनचं मोठेपण मात्र त्या चुकांनी कमी होत नाही. त्याने एक निश्चित, तपासता येईल असं विधान जगापुढे ठेवलं आणि तीन शतकं लोकांना कामाला लावलं.

तपासणीची पहिली खरी किल्ली मर्सेनला फर्माने १६४० साली पत्रातून कळवलेली होती. घातांक मूळ असेल, तर दोनचा घात उणे एक या संख्येचा कोणताही मूळ भाजक घातांकाच्या पटीपेक्षा एकाने जास्त असतो. घातांक ३७ घेतला, तर भाजक ३७च्या एखाद्या सम पटीच्या पुढचा असणार: ७५, १४९, २२३ असा. यातला २२३ लागू पडतो. म्हणजे वाटेल त्या संख्येने भागत बसायला नको, चाळण लागली.

अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरने ती चाळण आणखी बारीक केली. तो तेव्हा सेंट पीटर्सबर्गमध्ये होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली होती. दोनचा ३१वा घात उणे एक, म्हणजे २,१४,७४,८३,६४७. हिचे भाजक असलेच तर ते २४८च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्यांतच सापडतील, असं त्याने दाखवलं. संख्येचं वर्गमूळ ४६,३४१च्या जवळ आहे. तिथपर्यंत अशा संख्या पावणेचारशेच्या आत, आणि त्यांतल्या मूळ संख्या तर शंभराच्याही खाली. त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही, हे त्याने १७७२ साली बेर्नुलीला पत्राने कळवलं. पुढे १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहून ठेवलं, की या संख्येपासून निघणारी परिपूर्ण संख्या बहुधा कायमची सर्वांत मोठी राहील. अशा संख्यांचा उपयोग काही नाही, त्यामुळे त्यापलीकडे जाण्याचा खटाटोप कुणी करील असं वाटत नाही.

उपयोग असो वा नसो, माणसं खटाटोप करतातच. अडचण वेगळीच होती. घातांक १२७ घेतला, तर ऑयलरची बारीक चाळण लावूनही तपासायच्या भाजकांची संख्या पंचविसावर पंधरा शून्यं एवढी होते. दर सेकंदाला एक भागाकार, रात्रंदिवस, तरी ऐंशी कोटी वर्षांहून जास्त वेळ लागेल. त्या वाटेने आणखी पुढे जाणं शक्यच नव्हतं.

लुकासचा जन्म १८४२चा, फ्रान्समधल्या आमियँ गावचा. शिक्षण पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये झालं. मग पॅरिसच्या वेधशाळेत नोकरी, १८७०-७१च्या प्रशियाबरोबरच्या युद्धात तोफखान्यात अधिकारी, आणि युद्धानंतर शाळेत शिक्षक: आधी मुलँमध्ये, नंतर पॅरिसमध्ये. गणितात त्याचं मन मोठ्या सिद्धान्तांइतकंच खेळांत आणि कोड्यांत रमे. हनोईचा मनोरा हे कोडं त्याचंच. १८८३ साली ते ‘एन. क्लाउस’ या टोपणनावाने विक्रीला आलं. तीन खुंट्या, एका खुंटीवर उतरत्या आकाराच्या चकत्या. एका वेळी एकच चकती हलवायची आणि मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही. खेळाबरोबर काशीच्या देवळातल्या ब्राह्मणांची आणि सोन्याच्या ६४ चकत्यांची कल्पित गोष्टही पसरली. सात चकत्या असतील तर १२७ हालचाली लागतात. आणि चकत्या १२७ असतील, तर लागणाऱ्या हालचालींची संख्या म्हणजे या लेखाच्या सुरुवातीला लिहिलेली एकोणचाळीस आकडी संख्या, तंतोतंत.

फिबोनाची श्रेढी हे नाव रूढ केलं तेही लुकासनेच: १, १, २, ३, ५, ८, १३, प्रत्येक संख्या मागच्या दोन संख्यांची बेरीज. आपल्याकडे छंदशास्त्राच्या अभ्यासकांना ही मांडणी पिसाच्या लिओनार्दोच्या, म्हणजेच फिबोनाचीच्या, आधीपासून माहीत होती. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तर चार मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? पाच. पाच मात्रांची? आठ. विरहांकाने आणि नंतर बाराव्या शतकात हेमचंद्राने हा नियम सांगून ठेवला आहे. लुकासला या श्रेढीत दिसली ती मात्र भाजकांची शिस्त. कोणत्याही मूळ संख्येने या श्रेढीतल्या काही पदांना भाग जातो, आणि ती पदं कितव्या क्रमांकावर यायची हे त्या मूळ संख्येच्या शेजाऱ्यांवर, तिच्याहून एकाने कमी आणि एकाने जास्त अशा दोन संख्यांवर, ठरतं.

इथेच त्याला कलाटणी सुचली. भागून पाहायचं तर उणे एक केलेली संख्या अडसर बनून उभी असते. पण तिच्यात एक मिळवला, की दोनचा स्वच्छ घात उरतो, आणि त्याचे सगळे भाजक आधीच ठाऊक असतात. मग तिच्या पोटात शिरायची गरज काय? शेजारणीकडेच विचारपूस करायची.

विचारपूस कशी होते ते १२७ या लहान संख्येवरच बघता येतं, कारण १२७ म्हणजे दोनचा ७वा घात उणे एक. ३पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, दोन वजा करायचे. संख्या १२७च्या पुढे गेली तर १२७ने भागून फक्त बाकी ठेवायची. ३चा वर्ग ९, उणे दोन ७. ७चा वर्ग ४९, उणे दोन ४७. ४७चा वर्ग उणे दोन २,२०७, बाकी ४८. ४८चा वर्ग उणे दोन २,३०२, बाकी १६. १६चा वर्ग उणे दोन २५४, म्हणजे १२७ची नेमकी दुप्पट, बाकी शून्य. घातांक सात, म्हणून दोन कमी, पाच पायऱ्या. पाचव्या पायरीला शून्य आलं की १२७ मूळ. शून्य आलं नाही, तर संयुक्त. शून्याचा अर्थ असा, की त्या संख्येला एखादा मूळ भाजक असलाच, तर तो तिच्याहून लहान असू शकत नाही. म्हणजे तो भाजक ती स्वतःच. ३पासून सुरुवात करायची तर घातांकाला चारने भागून बाकी तीन उरायला हवी, आणि ७ काय, १२७ काय, दोन्ही तशाच आहेत.

सातच्या जागी १२७ घेतला, तर पायऱ्या १२५. ऐंशी कोटी वर्षांच्या जागी सव्वाशे वर्ग! पण वर्ग करायचे ते एकोणचाळीस आकडी संख्यांचे. आपण लिहितो त्या दशमान पद्धतीत अशा एका वर्गाला दीड हजारावर अंकांचे गुणाकार लागतात, आणि मग त्याला पुन्हा एकोणचाळीस आकडी संख्येने भागायचं. लुकास फक्त ० आणि १ हे अंक वापरणाऱ्या द्विमान पद्धतीकडे वळला. त्या पद्धतीत त्याची संख्या म्हणजे ओळीने १२७ वेळा लिहिलेला एक. त्याने बुद्धिबळाच्या पटासारखा, पण एका बाजूला १२७ घरं असलेला पट योजला. अंक १ असेल तिथे प्यादं, ० असेल तिथे रिकामं घर. वर्ग करायचा म्हणजे प्याद्यांची तीच ओळ एकेक घर सरकवत खाली मांडत जायची. एका उभ्या रांगेत दोन प्यादी जमली, की ती उचलून डावीकडच्या रांगेत एक ठेवायचं. आणि भागाकार? तो करावाच लागत नाही. दोनच्या १२७व्या घाताला या संख्येने भागलं की बाकी एक उरते, म्हणून पटाच्या डाव्या कडेबाहेर गेलेलं प्यादं उजव्या कडेने आत येतं. एवढंच. जो माणूस फुरसतीत कोडी रचत होता, त्यालाच हा पट सुचावा हे सहज पटण्यासारखं आहे.

लुकासने पंधराव्या वर्षी ही संख्या तपासायला घेतली आणि एकोणीस वर्षं तो तीच तपासत होता, अशी गोष्ट पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. ती विश्वास ठेवण्याजोगी नाही. ज्या श्रेढींवर हे गणित उभं आहे, त्यांवरचं त्याचं काम १८७५-७६च्या सुमाराचं आहे, आणि रीत हाती आल्यावर गणित वर्षानुवर्षांचं राहत नाही. तिचं सारं सामर्थ्य यातच आहे. लुकासच्या सिद्धतांमध्ये काही ठिकाणी फटी होत्या आणि गणिताची प्रत्येक पायरी त्याने छापलीही नव्हती. म्हणून फ्रान्समध्येच फोकंबेर्ग याने ते गणित द्विमान पद्धतीने पुन्हा केलं आणि १९१४मध्ये निर्वाळा दिला: १२७ बरोबर.

याच रीतीने लुकासने आणखी एक गोष्ट सांगितली. मर्सेनच्या यादीतला ६७ चुकीचा आहे; ती संख्या संयुक्त आहे. तिचे भाजक मात्र त्याला सांगता येत नव्हते. एखादी संख्या फुटते हे नक्की ठाऊक आहे, पण कुठे फुटते ते ठाऊक नाही, हा प्रकार गणितातही तेव्हा नवा होता.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गणित संस्थेची सभा भरली होती. कोलंबिया विद्यापीठातला फ्रँक नेल्सन कोल मोठ्या संख्यांच्या अवयवांवर निबंध वाचणार होता. गणितज्ञ ई. टी. बेल याने पुढे लिहून ठेवलेल्या हकिकतीनुसार कोल उठून फळ्यापाशी गेला आणि काहीही न बोलता दोनचा ६७वा घात करायला लागला. त्यातून एक वजा केला: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. मग फळ्याच्या कोऱ्या भागात १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ या दोन संख्या लिहून तो त्यांचा गुणाकार करू लागला. उत्तर तेच आलं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, कोल जागेवर जाऊन बसला, कुणी एकही प्रश्न विचारला नाही. हे शोधायला किती वेळ लागला, असं बेलने काही वर्षांनी विचारलं, तेव्हा तीन वर्षांचे रविवार असं उत्तर मिळालं. लुकासने सत्तावीस वर्षांपूर्वी जे न फोडता सांगितलं होतं, त्याचे तुकडे त्या दिवशी प्रथम लोकांच्या डोळ्यांपुढे आले.

यादीतल्या आणखी तीन चुका सापडल्या त्या मोठ्या विद्यापीठांबाहेरच्या माणसांना. युरल पर्वताकडच्या एका खेड्यातल्या इव्हान पेरवूशिन या पाद्रीने १८८३मध्ये दाखवलं, की मर्सेनने वगळलेल्या ६१ या घातांकाची संख्याही मूळ आहे. मर्सेनला ६१च म्हणायचं होतं आणि छापताना ६७ झालं, असं म्हणणारेही आहेत. अमेरिकेत डेन्व्हरला रेल्वेत नोकरी करणाऱ्या आर. ई. पॉवर्स याने १९११मध्ये ८९ आणि १९१४मध्ये १०७ हे घातांक यादीत घातले. या तिन्ही संख्या लुकासच्या संख्येहून लहान, म्हणून विक्रम कुणाच्या नावावर लागला नाही. रोजची नोकरी सांभाळून सत्तावीस आणि तेहतीस आकड्यांशी झुंजणाऱ्या पॉवर्सचं नाव मात्र गणिताच्या इतिहासात याहून ठळक छापलं जायला हवं होतं.

लुकास तोवर हयात नव्हता. १८९१ साली मार्सेयमध्ये भरलेल्या विज्ञान परिषदेच्या मेजवानीत वाढप्याच्या हातून चिनी मातीची भांडी पडली आणि उडालेला एक तुकडा त्याच्या गालात घुसला. जखम चिघळली, अंगात विष भिनलं आणि काही दिवसांतच, ३ ऑक्टोबरला, तो गेला. वय एकोणपन्नास. आपली चाचणी यंत्राकडून करून घ्यायची त्याची फार इच्छा होती. रेल्वेतला अभियंता आंरी जनाय याच्याबरोबर त्याने गुणाकाराच्या पट्ट्या बनवल्या होत्या, द्विमान गणित करणाऱ्या यंत्राच्या कल्पनाही मांडल्या होत्या. ते यंत्र यायला आणखी साठ वर्षं लागायची होती.

दरम्यान डेरिक हेन्री लेमर या अमेरिकन तरुणाने लुकासच्या चाचणीतल्या फटी बुजवल्या. १९३०च्या आपल्या प्रबंधात त्याने तिला आजचं रूप दिलं: ३ऐवजी ४पासून सुरुवात करायची, मग विषम मूळ घातांक कोणताही असो, एकच नियम चालतो. लुकास-लेमर चाचणी म्हणतात ती हीच. मर्सेनच्या यादीतली शेवटची संख्या, घातांक २५७ची, लेमरने टेबलावरच्या गणनयंत्रावर तपासली. रोज दोन तास, जवळजवळ वर्षभर. शेवटी शून्य आलं नाही. मर्सेन इथेही चुकला होता. उरलेले सहा घातांक येल विद्यापीठातल्या होरेस उहलरने चाळीसच्या दशकात संपवले, आणि १९४७मध्ये १६४४च्या त्या प्रस्तावनेचा निकाल पूर्ण लागला. ६७ आणि २५७ चुकीने घेतलेले. ६१, ८९ आणि १०७ चुकीने सोडलेले.

लुकासचा विक्रम मोडला १९५१ साली. फेरिए या फ्रेंच गणितज्ञाने टेबलावरच्या यंत्राने एक चव्वेचाळीस आकडी मूळ संख्या सिद्ध केली. पण त्याच वर्षी केंब्रिजमध्ये एड्सॅक या संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी एकोणऐंशी आकडी संख्या शोधली, आणि तिची घडण पाहण्यासारखी आहे: लुकासच्या संख्येचा वर्ग, गुणिले १८०, अधिक एक. शेजारणीकडे विचारपूस करून एखादी संख्या मूळ आहे हे दाखवायचं, तर त्या शेजारणीचे भाजक ठाऊक असावे लागतात. लुकासची संख्या मूळ असल्याचं सिद्ध होतं, म्हणून तिच्या खांद्यावर उभं राहता आलं.

मग ३० जानेवारी १९५२ची रात्र. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्वॅक नावाचा संगणक होता; त्याच्या स्मृतीत जेमतेम २५६ शब्द मावत. बर्कलीच्या राफेल रॉबिन्सनने लुकास-लेमर चाचणीचा प्रोग्रॅम लिहून पाठवला होता. यंत्र त्याने पाहिलेलंही नव्हतं. हाती होती फक्त माहितीपुस्तिका. प्रोग्रॅम पहिल्याच झटक्यात बरोबर चालला. त्या वेळी तिथल्या गणित संस्थेचा संचालक होता लेमर. वीसेक वर्षांपूर्वी ज्या घातांकाने त्याचं वर्ष खाल्लं होतं, तो २५७ यंत्राने त्याच्या देखत मिनिटाच्या आत निकालात काढला, आणि निर्णय तोच आला. रात्री दहाच्या सुमाराला ५२१ हा घातांक मूळ ठरला, १५७ आकड्यांची संख्या. मध्यरात्र व्हायच्या थोडं आधी ६०७, १८३ आकडे. त्याच वर्षी आणखी तीन सापडल्या. यंत्राचा एक मिनिट म्हणजे माणसाच्या टेबलावरच्या वर्षभराहून जास्त काम, असा रॉबिन्सनचा हिशेब होता.

तिथून पुढची वाट वेगाने चढत गेली. ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झालेल्या, सध्याच्या सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ आहे आणि तिला ४,१०,२४,३२० आकडे आहेत. जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांचं जाळं त्यामागे आहे, यंत्रं नवी आहेत, गुणाकाराच्या युक्त्या नव्या आहेत. पण ती मूळ असल्याचा शिक्का बसला तो लुकास-लेमर चाचणीनेच: वर्ग करा, दोन वजा करा, बाकी ठेवा.

लुकासची एकोणचाळीस आकडी संख्या आता विक्रमाच्या यादीत फार खाली आहे, पण ती कामातून गेलेली नाही. कडेबाहेर गेलेलं प्यादं दुसऱ्या कडेने आत येतं, हा तिचा गुण संगणकालाही तितकाच सोयीचा आहे. या संख्येने भागायचं असेल तर भागाकार टाळून नुसती बेरीज पुरते. २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी गुप्तलेखनासाठी ‘फोरक्यू’ ही वक्ररेषा मांडली, तेव्हा तिच्या तळाशी मूळ संख्या म्हणून हीच निवडली. बार्लोने ज्यांचा काही उपयोग नाही असं म्हटलं, त्यांच्याच घराण्यातली ही.

लुकासचा निकाल आला त्याच वर्षी, १८७६मध्ये, बेल्जियममध्ये राहणाऱ्या कातालाँ या गणितज्ञाने एक साखळी दाखवून दिली होती. दोनचा २रा घात उणे एक, ३. दोनचा ३रा घात उणे एक, ७. दोनचा ७वा घात उणे एक, १२७. दोनचा १२७वा घात उणे एक, लुकासची संख्या. चारही मूळ. मग पुढची कडी, जिचा घातांकच लुकासची ती संख्या आहे, तीही मूळ असेल का? तिचे आकडे किती, हे सांगायलाच अडतीस आकडी संख्या लागते. ती कागदावर लिहिता यायची नाही, कुठल्याही संगणकाच्या स्मृतीत मावायची नाही. लुकासची चाचणी तिला लावायची, तर पायऱ्या एकोणचाळीस आकडी होतील. न फोडता ओळखण्याची वाट इथे बंद आहे, आणि शोधकांच्या हाती उरतो तो १६४०च्या पत्रातला फर्माचा नियम: भाजक असलाच, तर तो लुकासच्या संख्येच्या एखाद्या सम पटीपेक्षा एकाने मोठा असेल. त्या पटी एकामागून एक घेऊन संगणक भागून बघत आहेत. अजून एकही भाजक सापडलेला नाही.